ताई, यात तुमचा दोष नाहीये

ताई, तुमच्या पोस्टमध्ये मुलाचा रिपोर्ट डुशेनचा (स्नायू हळूहळू कमजोर करणारा जनुकीय आजार) आला आणि घरचे म्हणतायत जीन आईकडून आला म्हणजे चूक तुमचीच, हे वाचून राहवलं नाही. माझा भाचा पण डुशेनचाच, परळच्या हॉस्पिटलला चकरा मारून मारून माझ्या बहिणीबरोबर मीही थोडंफार शिकले.

या आजाराचा जीन, डीएमडी, एक्स क्रोमोसोमवर असतो आणि मुलग्याला तो आईकडून मिळतो हे खरंय, पण साधारण एक तृतीयांश मुलांमध्ये बदल नव्यानेच झालेला असतो, आई कॅरियर (म्हणजे बिघडलेला जीन बाळगणारी) नसतेच. आणि असली तरी दोष कसला हो? माणसातल्या सगळ्यात लांब जीन्सपैकी एक आहे हा, 22 लाखांवर अक्षरं, 79 एक्सॉन (प्रोटीनची कृती लिहिलेले जीनचे तुकडे), कुठेतरी गडबड व्हायला वाव जास्तच.

यातून डिस्ट्रोफिन नावाचं प्रोटीन बनतं. ससून डॉकला होडी दोराने बांधलेली असते ना, तसं ते स्नायूच्या पेशीतला ॲक्टिन या प्रोटीनचा सांगाडा बाहेरच्या पडद्याशी बांधून ठेवतं. दोर नसला की प्रत्येक हिसक्याला पडदा फाटतो, कॅल्शियम आत शिरतं, पेशी मरतात आणि हळूहळू तिथे चरबी भरते, म्हणून तर पोटऱ्या जाड दिसतात पण ताकद नसते.

रिपोर्टमध्ये किती एक्सॉन गेले यापेक्षा जीन तीन-तीन अक्षरांनी वाचला जातो, ते वाचन मोडलंय का ते विचारा. ते मोडलं नाही तर आखूड पण कामचलाऊ प्रोटीन बनतं, तो बहुतेक वेळा याच आजाराचा सौम्य, बेकर नावाचा प्रकार.

आणि तुमची स्वतःची कॅरियर टेस्ट करून घ्याच, दोष शोधायला नाही, कॅरियर बायकांचं हृदयही कमजोर होऊ शकतं म्हणून.