डीओआय हा केवळ पत्ता
डीओआय, म्हणजे ऑनलाइन लेखाला दिला जाणारा कायमस्वरूपी ओळख-क्रमांक, घेतला की लेख कायमचा सुरक्षित होतो, हे मत मला पटत नाही. डीओआय हा केवळ पत्ता आहे, आणि घरच पडले तर पत्ता काय कामाचा? पुण्यातल्या एका छोट्या संशोधनपत्रिकेचे काम मी पाहत असताना डोमेनचे नूतनीकरण राहून गेले आणि सगळे अंक दिसेनासे झाले. लेखकांकडच्या पीडीएफ गोळा करून बरेचसे परत उभे केले, पण युनिकोड ही अक्षरांची प्रमाण संकेतपद्धती रुळण्याआधीच्या, रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार दाखवणाऱ्या फाँटमुळे त्यांत ‘मोडी’ शोधले तर काहीच सापडेना. मजकूर कॉपी केला की रोमन अक्षरांची खिचडी हाती येई.

ओजेएस या नियतकालिके चालवण्याच्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या, आयएसएसएन (नियतकालिकाचा प्रमाण क्रमांक) असलेल्या नियतकालिकांसाठी पीकेपी या ओजेएस बनवणाऱ्या प्रकल्पाचे जतन-जाळे विनामूल्य आहे आणि ते अनेक ठिकाणी प्रती ठेवते. मात्र ही खिचडीही ते तशीच जपून ठेवील, त्यामुळे युनिकोड मजकूर आधी आपणच तयार करायला हवा.