मदत हवी आहे: गाण्याच्या कार्यक्रमाच्या डीव्हीडीत चॅप्टर येत नाहीत

नादलुब्ध

आमच्या गायनवर्गाच्या गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमाचे चित्रीकरण संकलित करून मी त्याची डीव्हीडी तयार केली आहे. कार्यक्रम सव्वादोन तासांचा आहे. टाइमलाइनवर प्रत्येक गाण्याच्या आरंभी मार्कर टाकलेले असूनही रिमोटवरचे 'पुढे' हे बटण दाबले की एकाही गाण्यावर उडी जात नाही. डिस्क रविवारपर्यंत आमच्या बाईंच्या हाती पडायला हवी. मार्कर कसे टाकायचे हे मला येते, त्यामुळे ते कृपया पुन्हा समजावून सांगू नये. ते डिस्कवर का उतरत नाहीत, एवढेच जाणकारांनी सांगावे. आगाऊ आभार.

जुना संकलक

आपण संकलन कशावर केले, फाइल कोणत्या स्वरूपात काढली आणि डिस्क कोणत्या सॉफ्टवेअरने बनवली, यांपैकी काहीही लिहिलेले नाही. डिस्क संगणकात उघडून आत 'व्हिडिओ_टीएस' नावाचे फोल्डर दिसते का तेही पाहावे. ते नसेल, तर ती निव्वळ फाइल कॉपी केलेली डेटा डिस्क आहे आणि पुढची सगळी चर्चा व्यर्थ आहे.

आजोबा_ठाणे

आमच्या नातवाने असा कार्यक्रम यूट्यूबवर चढवला होता. वर्णनात वेळा लिहिल्या की चॅप्टर आपोआप दिसतात. पहिली वेळ ०:०० असावी, किमान तीन चॅप्टर असावेत आणि प्रत्येक चॅप्टर किमान दहा सेकंदांचा असावा, एवढेच नियम आहेत. डिस्कचा खटाटोप कशाला करायचा?

नादलुब्ध

आजोबा, आपला सल्ला आपुलकीचा आहे, परंतु बाई ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या दूरदर्शन संचाशेजारी डीव्हीडी प्लेअर आहे आणि त्याचा रिमोट त्यांच्या हाताच्या सवयीचा आहे. त्यांना त्यांच्याच घरात, कोणाची मदत न घेता, हवे ते गाणे लावता यावे, यासाठी हे काम हाती घेतले आहे. यूट्यूब हा पर्याय नाही.

संकलन डाविंची रिझॉल्व्हवर केले, एमपी४ फाइल काढली आणि डीव्हीडीस्टायलरमध्ये घालून डिस्क बनवली. 'व्हिडिओ_टीएस' फोल्डर आहे.

जुना संकलक

आता उलगडा झाला. टाइमलाइनवरचा मार्कर ही प्रकल्पातली नोंद असते. ती एमपी४ मध्ये सांगून उतरवता येते, परंतु डीव्हीडीसाठी त्या फाइलचे पुन्हा एमपीईजी-२ मध्ये रूपांतर होते आणि त्या प्रवासात ती नोंद टिकेलच याची शाश्वती नसते. शिवाय डीव्हीडीवर चॅप्टर हे चित्राच्या फाइलमध्ये नसतातच. चित्र आणि आवाज 'व्हॉब' फाइलींत असतात, तर कोणता चॅप्टर कुठून सुरू होतो याची यादी शेजारच्या लहानशा 'आयएफओ' फाइलमध्ये असते आणि प्लेअर 'पुढे' दाबल्यावर ती यादी पाहतो. म्हणून चॅप्टरच्या वेळा डिस्क बनवणाऱ्या सॉफ्टवेअरलाच सांगाव्या लागतात. डीव्हीडीस्टायलरमध्ये खालच्या पट्टीतील आपल्या व्हिडिओचे गुणधर्म उघडा. तिथे चॅप्टरच्या वेळा भरण्याची सोय आहे.

ओपनसोर्स

हे सगळे डीव्हीडीऑथर या मूळ साधनाने करावे, असे माझे ठाम मत आहे. एका साध्या मजकूर फाइलमध्ये '०, ६:१२.५, १८:४०' अशा स्वल्पविरामांनी विभागलेल्या वेळा लिहिल्या की काम झाले. ती फाइल वर्षानुवर्षे जपून ठेवता येते, एखादी वेळ चुकली तर एकच आकडा बदलून डिस्क पुन्हा बांधता येते. खिडक्या उघडून टिचक्या मारत बसण्यापेक्षा हे कितीतरी स्वच्छ आहे.

जुना संकलक

डीव्हीडीस्टायलर आतून डीव्हीडीऑथरच वापरतो. ज्यांना रविवारी डिस्क द्यायची आहे, त्यांना आज कमांड शिकायला बसवण्यात काय हशील आहे?

ओपनसोर्स

शिकायला बसवत नाही. आत काय चालले आहे हे कळले, तर पुढच्या गुरुपौर्णिमेला त्यांना हा धागा पुन्हा काढावा लागणार नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

नादलुब्ध

वेळा हाताने भरल्या आणि चॅप्टर आले, त्याबद्दल आभार. परंतु आता निराळीच अडचण आहे. पहिले दोन राग बरोबर लागतात. मध्यंतराच्या सुमारास उडी आधीच्या गाण्याच्या टाळ्यांत पडते, आणि शेवटच्या भैरवीला तर आधीच्या भजनाचा अखेरचा गजर ऐकू येतो, मग टाळ्या, मग भैरवी. हे अंतर सात-आठ सेकंदांचे आहे. वेळा टाइमलाइनवरून जशाच्या तशा उतरवल्या आहेत आणि दोनदा तपासल्या आहेत. प्लेअर बिघडला आहे का?

लेन्सवाला

प्लेअर नव्हे, हे फ्रेमच्या गटाचे काम आहे. एमपीईजी-२ मध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. मधूनमधून एक पूर्ण फ्रेम असते आणि बाकीच्या फ्रेम तिच्या आधाराने उभ्या असतात. चॅप्टर अशा गटाच्या आरंभीच बसू शकतो. सगळ्या फ्रेम पूर्ण ठेवून फाइल पुन्हा बनवा, उडी अचूक बसेल.

जुना संकलक

तत्त्व बरोबर आहे, परंतु निदान चुकले. डीव्हीडीत असा गट अमेरिकेकडच्या एनटीएससी या चित्रपद्धतीत जास्तीत जास्त १८ फ्रेमचा आणि आपल्याकडच्या पाल पद्धतीत १५ फ्रेमचा असतो, म्हणजे दोन्हीकडे सुमारे ०.६ सेकंद. त्यामुळे होणारी चूक अर्ध्यापाऊण सेकंदाच्या पुढे जात नाही आणि ती कार्यक्रमाबरोबर वाढतही नाही. इथे ती वाढते आहे, म्हणून दोष काळाच्या मोजमापात आहे. शिवाय प्रत्येक फ्रेम पूर्ण ठेवली, तर सव्वादोन तास एका थराच्या डिस्कवर मावतील, पण चित्राची रया जाईल.

नादलुब्ध, टाइमलाइनचा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला फ्रेमची संख्या, किती आहे?

काळी_पाच

डिस्क कोणत्या वेगाने बर्न केली? मी नेहमी सर्वांत कमी वेगावर करतो.

नादलुब्ध

फ्रेम रेट २९.९७, म्हणजे एनटीएससीचा आहे. बाईंची कन्या न्यू जर्सीत एडिसनला असते. एक प्रत तिच्याकडे जायची असल्यामुळे तो ठेवला.

न्यूजर्सीकर

फ्रेम रेट ठीक आहे, परंतु इथे रीजन कोड, म्हणजे डिस्क कोणत्या प्रदेशातील प्लेअरवर चालावी याची खूण, आडवा येतो हे लक्षात घ्यावे. भारत रीजन ५ मध्ये आहे आणि अमेरिका रीजन १ मध्ये. आमच्याकडे भारतातून आणलेल्या लग्नाच्या डिस्क प्लेअरवर चालत नव्हत्या, त्या यामुळेच.

जुना संकलक

घरी बनवलेल्या डिस्कवर कोणी रीजनचे कुलूप घालत नाही. आपल्या लग्नाच्या डिस्क बहुधा पाल पद्धतीच्या असाव्यात, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम आणि ५७६ ओळी. अमेरिकेतील अनेक प्लेअरना ते पचत नाही. उलट आपल्याकडचे बहुतेक प्लेअर एनटीएससी विनातक्रार दाखवतात. तेव्हा दोन्ही घरांसाठी मिळून एकच एनटीएससी डिस्क करण्याचा निर्णय योग्यच आहे.

आता मूळ मुद्दा. २९.९७ च्या टाइमलाइनवर वेळ दोन प्रकारे दाखवता येते. 'नॉन-ड्रॉप' प्रकारात सॉफ्टवेअर सेकंदाला ३० फ्रेम धरून मोजत जाते, मात्र प्रत्यक्षात सेकंदाला त्याहून किंचित कमी फ्रेम सरतात, त्यामुळे टाइमलाइनवरचे घड्याळ तासाला ३.६ सेकंद मागे पडते. 'ड्रॉप' प्रकारात दर मिनिटाला दोन फ्रेमचे क्रमांक गाळले जातात, फक्त दर दहाव्या मिनिटाला नाही. अशा रीतीने तासाला १०८ क्रमांक गळतात आणि हिशेब जुळतो. फ्रेम एकही जात नाही, जातात ते क्रमांक. आपण नॉन-ड्रॉप वेळा उतरवल्या असणार. डीव्हीडीस्टायलरने त्या खऱ्या घड्याळाच्या समजल्या, म्हणून प्रत्येक चॅप्टर लवकर लागतो, आणि दोन तासांशी ही चूक ७.२ सेकंदांवर जाते. आपण सांगितलेल्या सात-आठ सेकंदांशी हे तंतोतंत जुळते.

नादलुब्ध

टाइमलाइन नॉन-ड्रॉपच आहे. आता सगळे संकलन नव्याने करावे लागणार का? तेवढा वेळ माझ्याकडे नाही.

जुना संकलक

संकलनाला हातही लावू नका. आहेत त्या वेळांना १.००१ ने गुणा, एवढे पुरेसे आहे. उदाहरणार्थ, भैरवीची नोंद १:५८:२० असेल, तर ते ७१०० सेकंद झाले. गुणाकार करून ७१०७.१, म्हणजे १:५८:२७.१ ही खरी वेळ.

दोन गोष्टींचे भान ठेवावे. रिझॉल्व्हची टाइमलाइन मुळात ०१:००:०० पासून मोजायला लागते. तो एक तास आपण वजा केलेलाच असणार, नाहीतर चॅप्टर मुळीच जुळले नसते. परंतु आधी तास वजा करावा आणि मगच गुणाकार करावा, अन्यथा ३.६ सेकंदांची नवी चूक शिरेल. दुसरे असे की टाइमलाइनवरचा शेवटचा आकडा फ्रेमचा असतो, सेकंदाच्या अपूर्णांकाचा नव्हे. १२:४०:१५ ही नोंद १२:४०.१५ अशी लिहिली, तर चूक होते. पंधरा फ्रेम म्हणजे अर्धा सेकंद, म्हणून ती १२:४०.५ होते आणि त्यानंतर तिलाही १.००१ ने गुणायचे.

ओपनसोर्स

हा गुणाकार प्रत्येक वेळेसाठी हाताने करण्यापेक्षा स्प्रेडशीटमध्ये एका रकान्यात वेळा आणि दुसऱ्यात सूत्र टाकावे. मजकूर फाइलचा आग्रह मी याचसाठी धरत होतो.

जुना संकलक

हा सल्ला मात्र अगदी योग्य आहे.

काळी_पाच

मंडळी, रागसंगीताच्या डिस्कवर आवाज कोणत्या स्वरूपात आहे हे कोणीच विचारले नाही. डीव्हीडीत असंपीडित आवाज ठेवता येतो, १६ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ. तानपुऱ्याची जवारी एसी-३ या संपीडित स्वरूपात बोथट होते, हे मी कानांनी अनुभवले आहे.

लेन्सवाला

असंपीडित आवाज सेकंदाला सुमारे १.५ मेगाबिट खातो. ४.७ जीबीच्या डिस्कवर सव्वादोन तास बसवायचे, तर एकूण हिशेब जेमतेम साडेचार मेगाबिटचा येतो. चित्राला तीनच उरले, तर मंचावर कोणी हात हलवला की चौकटी दिसू लागतील. २५६ किलोबिटचा एसी-३ इथे पुरेसा आहे.

काळी_पाच

बाई चित्र पाहणार आहेत की गाणे ऐकणार आहेत?

जुना संकलक

प्रश्न चॅप्टरचा आहे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असे व्हायला नको. काळी_पाच, आपण गाणारे दिसता, म्हणून आपल्याला एक विचारतो आणि त्याचा नादलुब्ध यांनाही उपयोग होईल. चॅप्टर नेमका कुठे बसवावा? निवेदनाच्या आरंभी, तानपुरा सुरू होताना, की पहिल्या षड्जावर?

काळी_पाच

षड्जावर कदापि नाही. गायिकेने आकार लावण्याआधी तानपुऱ्यांचे एक-दोन आवर्तन कानांवर पडायलाच हवे, त्याशिवाय ऐकणाऱ्याचा सूर स्थिर होत नाही. निवेदन संपल्यावर जी क्षणभराची शांतता असते, तिथे खूण ठेवावी. गटामुळे खूण अर्धा सेकंद मागेपुढे सरकली, तरी ती त्या शांततेतच राहील. आणि बडा ख्याल संपून छोटा ख्याल सुरू होतो तिथे चॅप्टर करू नये. ती एकच मांडणी आहे, तिचे तुकडे पाडू नयेत.

नादलुब्ध

शेवटच्या मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. ही डिस्क बाईंबरोबर वर्गातल्या मुलीही पाहणार आहेत. पाऊण तासाच्या सादरीकरणात छोट्या ख्यालाची द्रुत बंदिश शोधायला फास्ट-फॉरवर्ड करत राहावे लागले, तर कोणी ती पुन्हा ऐकणार नाही. द्रुतच्या मुखड्याआधी, तबलजी लय बदलण्यापूर्वी, मी खूण ठेवणार आहे. संख्येला मर्यादा आहे का?

जुना संकलक

एका शीर्षकात ९९ चॅप्टर चालतात, तेव्हा जागेची चिंता नाही. मेनूवर मात्र मुख्य गाण्यांचीच बटणे ठेवा. प्रत्येक बटणाला 'शीर्षक १, चॅप्टर अमुक' असे लक्ष्य द्यावे लागते. द्रुतचे चॅप्टर मध्ये घातले की पुढचे सगळे क्रमांक सरकतात, म्हणून बटणांची लक्ष्ये सर्वांत शेवटी भरावीत. सगळे झाले की थेट डिस्क बर्न न करता आधी फोल्डर तयार करावे आणि ते संगणकावरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडून प्रत्येक चॅप्टरवर उडी मारून पाहावी.

नादलुब्ध

वेळा गुणून पुन्हा भरल्या. फोल्डर व्हीएलसीत पाहिले आणि नंतर डिस्क बाईंकडच्याच प्रकारच्या प्लेअरवर लावली. भैरवीवर उडी मारल्यावर आधी शांतता, मग तानपुरे आणि त्यानंतर आवाज लागतो. सर्वांचा ऋणी आहे.

एकच उरले आहे. शेवटच्या चॅप्टरवर 'पुढे' दाबले तर काहीच होत नाही, आणि भैरवी संपल्यावर पडदा काळा राहतो. बाईंना वाटेल की प्लेअर बंद पडला.

जुना संकलक

शेवटच्या चॅप्टरपुढे चॅप्टरच नसल्यामुळे 'पुढे' बटण तिथे निष्फळ ठरते, तो दोष नाही. काळ्या पडद्यावर मात्र उपाय आहे. व्हिडिओच्या गुणधर्मांत तो संपल्यावर पाळायच्या आज्ञेची एक जागा असते. तिथे मेनूवर परत जाण्याची आज्ञा द्यावी, म्हणजे भैरवीनंतर गाण्यांची यादी आपोआप समोर येईल. हे बदलल्यावर पुन्हा फोल्डर करून शेवटचे मिनिट तपासा आणि मगच दोन्ही प्रती बर्न करा.

न्यूजर्सीकर

एडिसनची प्रत टपालाने पाठवणार असाल, तर कडक प्लास्टिकच्या डबीत घालावी. कागदी पाकिटातून आलेल्या डिस्कवर ओरखडे येतात, हे मात्र मी खात्रीने सांगू शकतो.