वाचनकट्ट्याच्या टॅबवरून सोसायटी ग्रुपवर झालेली चर्चा (विश्रामबाग, सांगली)

सेक्रेटरी: मंडळी, गणपतीची शिल्लक आणि परवाची देणगी मिळून वाचनकट्ट्यासाठी एक टॅब घ्यायचं मीटिंगमध्ये पास झालंय. बजेट तीस हजारांच्या आत. कुणाला त्यावर काय हवंय ते इथंच सांगा. आणल्यावर "आम्हाला विचारलंच नाही" चालणार नाही.

खजिनदार काका: ही जाहिरात बघा. ११ इंच, '२.५के अल्ट्रा क्लिअर', सोबत कव्हर फुकट.

ए-१०१ सर: पेपर वाचायला हवा. शिवाय माझ्याकडे जुन्या कात्रणांच्या आणि नाट्यपदांच्या वहीच्या पीडीएफ आहेत. फोनवर अक्षर लागत नाही. टॅबवर स्वच्छ दिसेल अशी अपेक्षा.

सी-१०२ काकू: तंबोऱ्याचं ॲप टाका हो. गुरुवारच्या भजनाला कुणाचा सूर कुणाला लागत नाही.

आबा द्राक्षवाले: मिरज हाकेच्या अंतरावर. तिथल्या तंबोऱ्याला २०२४ ला जीआय मानांकन मिळालंय. आणि आमच्या भजनाला ॲप! चालू द्या.

सी-१०२ काकू: आबा, मिरजेचा तंबोरा तुम्ही देताय का सोसायटीला? मग ॲप नको.

आबा द्राक्षवाले: ऱ्हाऊ दे ऱ्हाऊ दे. माझं काम येगळं हाय. पोरगं बागंतनं पानांचं फोटो टाकतंय. द्राक्षावर डावनी रोग हाय का करपा, फोनवर कायबी कळंना. मोठ्या स्क्रीनवर डाग बगायचाय.

बी-२०३ वहिनी: आमच्या लेकीला ड्रॉइंग करायला मिळेल का? एलिमेंटरी झाली, यंदा इंटरमिजिएटला बसतेय. आणि नेटफ्लिक्स लागेल ना? आमचं १४९ चं पॅक आहे.

खजिनदार काका: चारही सीसीटीव्ही त्यावर लावायचे. गेटवरून बाहेर पडणाऱ्या गाडीचा नंबर वाचता आला पाहिजे. माझ्या गाडीचा आरसा तोडून गेला त्याच्या नंबराचा नुसता पांढरा ठिपका दिसतोय.

सेक्रेटरी: कट्ट्यावर वाचणार कोण मग? जरा थांबा. बी-३०१ चे चिरंजीव पुण्यात याच लाइनमध्ये आहेत, त्यांना विचारलंय.

बी-३०१ चिरंजीव (पुणे): नमस्कार सगळ्यांना. लांबडं लिहितोय, संभाळून घ्या.

'२.५के' वर जाऊ नका. दुकानात स्क्रीनचे दोन आकडे विचारायचे, आडवे किती आणि उभे किती. २५६०×१६०० असेल तर ११ इंचात दर इंचाला साधारण २७४ ठिपके (पिक्सेल) बसतात. १९२०×१२०० असेल तर २०६. आपल्या सोसायटीच्या ऑफिसातला जुना दहा इंची टॅब १२८०×८०० चा होता, म्हणजे इंचाला दीडशेच्या आसपास. त्यावर मराठी वाचताना रफार आणि अनुस्वार एकमेकांच्या अंगावर चढायचे, आठवतंय का? इंग्रजी अक्षर कमी ठिपक्यांत भागून जातं. आपल्या अक्षराला वर मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. त्यामुळे मराठी वाचायला बारीक ठिपक्यांचा टॅब घेणं ही चैन नाही, हे माझं मत. पण टॅब चांगला आला म्हणजे त्याच्यावर येणारं सगळं चांगलं दिसेल, असं मात्र कुणी धरून चालू नका.

सी-४०२ डॉक्टर मॅडम: डोळ्यांच्या बाजूनं सांगते. ६/६ नजर म्हणजे कोनाच्या एका मिनिटाएवढा (एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा) बारकावा वेगळा ओळखता येणं. टॅब पुस्तकासारखा ४० सेंटिमीटरवर धरला तर इंचाला साधारण २२० ठिपक्यांच्या पुढं ठिपके वेगळे दिसत नाहीत. म्हणजे हा म्हणतोय त्या २०६ आणि २७४ मधला फरक शाळेतल्या पोरांना दिसेल. कट्ट्यावरच्या निम्म्या मंडळींच्या चष्म्याचे नंबर मला पाठ आहेत, त्यांना नाही दिसणार. त्यांच्यासाठी अक्षर मोठं करता येणं आणि काचेवर चकाकी कमी असणं महत्त्वाचं. पोर्चमध्ये दुपारी ऊन येतं. तेव्हा दुकानात आत बसून पसंत करू नका, दाराशी उजेडात आणून बघा.

आबा द्राक्षवाले: मॅडम, माझा नंबर ग्रुपवर सांगू नका म्हंजे झालं.

ए-१०१ सर: माझ्या पीडीएफचं काय ते सांग बाबा.

बी-३०१ चिरंजीव (पुणे): सर, एखादी पाठवा ना. वहीचीच पाठवा.

ए-१०१ सर: पाठवली. पदांची वही, पान चौथे ते नववे.

बी-३०१ चिरंजीव (पुणे): बघितली सर. पीडीएफ दोन जातीच्या असतात. एक टाइप केलेली, तिच्यात अक्षराचा आकार साठवलेला असतो, कितीही मोठं केलं तरी कड धारदारच. ई-बालभारतीवरची बरीचशी पुस्तकं या जातीची. दुसरी म्हणजे पानाचा नुसता फोटो. तुमची वही दुसऱ्या जातीतली. एक पान ८२७×११६९ ठिपक्यांचं आहे, म्हणजे १०० डीपीआयला, इंचाला १०० ठिपक्यांनी, स्कॅन झालंय. तेच ए-फोर पान ३०० ला केलं असतं तर २४८०×३५०८ भरलं असतं. नवा टॅब उभा धरला की रुंदीला १६०० ठिपके, तुमच्या पानात ८२७. उरलेले ठिपके टॅब शेजारचे बघून भरणार. शाईची कड मऊच दिसणार, आणि स्क्रीन चांगला म्हणून जास्तच जाणवणार.

ए-१०१ सर: म्हणजे आडातच नाही.

बी-३०१ चिरंजीव (पुणे): आडात आहे की सर. वही घरात आहे ना? पोहरा बारका सोडला होता स्कॅन करणाऱ्यानं. पुन्हा ३०० ला करू.

ए-१०१ सर: वही आहे. पण २०१९ च्या पुरात आम्ही सांगलीच्या जुन्या वस्तीत, गावभागात होतो. खालच्या कपाटात दोन दिवस पाणी. पहिली बारा-पंधरा पानं निळी झालीत, काही वाचता येत नाही. तू बघितलीस ती पानं पुराच्या आधी केलेल्या स्कॅनमधली आहेत.

सी-१०२ काकू: अहो सर, त्यातली काही पदं माझ्या सासूबाईंच्या वहीत असतील. त्यांनी तुमच्या आईंकडूनच उतरवून घेतली होती. शोधते.

बी-३०१ चिरंजीव (पुणे): मग ती पानं आहेत तशी ठेवू, बाकी वही नव्यानं करू. दिवाळीत आलो की मीच बसतो, गुगल ड्राइव्हमध्येच स्कॅनची सोय असते. काकू, तुमचीही वही बाहेर काढून ठेवा. मूळ फाइल व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून फिरवू नका, तेवढं लक्षात ठेवा.

आबा द्राक्षवाले: का? फिरवल्यावर काय हुतंय?

बी-३०१ चिरंजीव (पुणे): तेच सांगणार होतो आबा, तुमच्या डावनीचं दुखणं तिथंच आहे. मुलगा बागेत फोटो काढतो तेव्हा तो बारा मेगापिक्सेलचा असतो. व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की बारका करून येतो. पानावरचा तेलकट डाग, खालची पांढरी बुरशी, तो बारकावा वाटेतच गळतो. मग पंचवीस हजाराचा टॅब घ्या नाहीतर लाखाचा, गळालेलं परत येत नाही. मुलाला सांगा, फोटो 'डॉक्युमेंट' करून पाठव. २०२३ पासून एचडीचंही बटन आहे, पण डॉक्युमेंट सगळ्यात बरं. पानाची वरची बाजू एक फोटो, खालची बाजू एक.

आबा द्राक्षवाले: हे ब्येस सांगितलंस. आताच फोन करतो त्याला. आणि ई-पीक पाहणी त्या टॅबवर हुईल का? रानात घिऊन जाईन मी.

सेक्रेटरी: आबा, टॅब कट्ट्याचा आहे. रानात नाही जायचा.

बी-३०१ चिरंजीव (पुणे): तसाही अवघड आहे. पीक पाहणीत शेतात उभं राहून फोटो काढायचा असतो आणि जागा जीपीएसवरून धरतात. आयपॅडच्या वायफायवाल्या मॉडेलमध्ये जीपीएस नसतंच, इतर कंपन्यांचं मॉडेलनुसार बघावं लागतं. पाहणी फोनवरच करा. सातबारा, भूनकाशा मात्र टॅबवर बघा, गटाची हद्द मोठ्या स्क्रीनवर छान कळते.

खजिनदार काका: मग सेकंडहँड आयपॅडच बघू का? क्वालिटी म्हणजे क्वालिटी.

बी-३०१ चिरंजीव (पुणे): काका, आयपॅडवरूनच एक गोष्ट सांगतो, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. मार्च २०१२ मध्ये ॲपलनं बारीक ठिपक्यांच्या 'रेटिना' स्क्रीनचा पहिला आयपॅड आणला. साइज तीच ९.७ इंच, पण आधीच्या १०२४×७६८ च्या जागी २०४८×१५३६. म्हणजे एका ठिपक्याच्या जागी चार. लोकांना वाटलं आता सगळं छापल्यासारखं दिसणार. झालं असं, की ज्या ॲपमध्ये अक्षर सिस्टिमकडून उमटत होतं ते पहिल्या दिवसापासून झकास दिसलं. पण ज्यांची बटनं, चित्रं जुन्या मापाची होती ती धुरकट. काही मासिकं अख्खं पान चित्र करून पाठवायची, सरांच्या वहीसारखं. त्यांचे अंक नव्या स्क्रीनवर आधीपेक्षा वाईट वाटायला लागले, आणि नव्या मापात केले तर डाउनलोड भरमसाट वाढला. एवढे ठिपके हलवायला बॅटरी २५ वरून ४२.५ वॅट-अवर करावी लागली, टॅब जाड आणि जड झाला. आणि सात महिन्यांत, ऑक्टोबर २०१२ ला, त्याच स्क्रीनचा पण जास्त ताकदीच्या चिपचा चौथा आयपॅड आला. ज्यांनी हौसेनं तिसरा घेतला होता त्यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती.

तर स्क्रीनइतकंच चिप आणि रॅमकडं बघा. सेकंडहँड नको, त्याला पुढचे अपडेट किती मिळतील आणि बॅटरी किती उरलीय हे दुकानदार सांगत नाही.

बी-२०३ वहिनी: आयपॅडवर म्हणे कॅल्क्युलेटर पण नव्हता?

बी-३०१ चिरंजीव (पुणे): खरंय वहिनी. आयपॅड २०१० चा, त्यावर ॲपलचा स्वतःचा कॅल्क्युलेटर २०२४ ला आला. व्हॉट्सॲप २०२५ च्या मे मध्ये, इन्स्टाग्राम त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये. तोवर इन्स्टाग्राम फोनचंच ॲप मोठं करून वापरावं लागायचं. अँड्रॉइडच्या टॅबवरही अजून हा प्रकार चालतोच. बँकेची, सरकारी कितीतरी ॲप मध्ये उभी पट्टी आणि दोन्ही बाजूला काळं, अशी उघडतात. म्हणून पेपरचं ॲप दुकानात टाकून, टॅब आडवा करून बघायचं.

खजिनदार काका: खजिनदाराला कॅल्क्युलेटर नसलेला टॅब देणार होता तुम्ही!

बी-२०३ वहिनी: आणि नेटफ्लिक्स राहिलं.

बी-३०१ चिरंजीव (पुणे): तुमच्या १४९ च्या पॅकमध्ये फोन आणि टॅबवर ४८० पीच, म्हणजे हलक्या क्वालिटीचंच चित्र येतं. स्क्रीन कितीही भारी असू दे. वरचा पॅक घेतला तरी टॅबला 'वाइडवाइन एल-वन' (व्हिडिओची चोरी रोखणाऱ्या कुलपाची वरची पातळी) लागतं, ते नसेल तर पुन्हा ४८०. स्वस्त टॅबमध्ये कधी कधी खालची पातळी, एल-थ्रीच असते. नेटफ्लिक्सच्या ॲपमध्ये सेटिंगला जाऊन बघता येतं. युट्यूबला ही भानगड नाही.

सेक्रेटरी: कट्ट्यावर नेटफ्लिक्स लावायचं नाही. विषय संपला.

बी-२०३ वहिनी: बरं. ड्रॉइंग तरी?

बी-३०१ चिरंजीव (पुणे): ड्रॉइंगला पेन त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलला चालणारा हवा. ऑनलाइन दीडशे-दोनशेला मिळतो तो नुसता रबराचा बोळा, दाब कमी-जास्त केला तरी रेघ तशीच. हात टेकला तरी रेघ उठू नये, हेही बघायचं. प्रोक्रिएट हे ड्रॉइंगचं ॲप अँड्रॉइडला मिळत नाही, तिथं क्रिटा फुकट मिळतं. पण वहिनी, इंटरमिजिएटचा पेपर कागदावरच असतो. तिला पोस्टर कलर आणि ब्रश सोडू देऊ नका.

खजिनदार काका: माझा आरसा राहिला.

बी-३०१ चिरंजीव (पुणे): काका, आपले कॅमेरे दोन मेगापिक्सेलचे, म्हणजे १९२०×१०८०. त्यात कॅमेऱ्यापासून गाडी लांब, नंबरप्लेटला मोजून थोडे ठिपके येतात. त्यातून ॲपमध्ये चारही कॅमेरे एकदम लावले की ते हलक्या क्वालिटीचं चित्र मागवतं. एकच कॅमेरा उघडून एचडी करा, थोडं सुधारेल. रात्रीचा नंबर पाहिजे असेल तर गेटवरचा कॅमेरा खाली आणि जवळ बसवावा लागेल. तो खर्च टॅबच्या बजेटमध्ये नाही.

खजिनदार काका: मग टॅब रद्द करून कॅमेरा घेऊ.

ए-१०१ सर: अजिबात नाही. ठराव झालेला आहे.

सेक्रेटरी: शांत व्हा. रविवारी अकराला हरभट रोडवरच्या दुकानात जायचं. सर, आबा, वहिनी आणि मी. प्रत्येकानं आपापली फाइल पेनड्राइव्हमध्ये घ्यायची: सरांची पीडीएफ, आबांचा पानाचा मूळ फोटो. दुकानातला डेमो व्हिडिओ बघून कुणी मान डोलवायची नाही. डॉक्टर मॅडम म्हणाल्या तसं दाराशी आणून बघू. बिल सोसायटीच्या नावानं, खजिनदारांच्या सहीनं.

सी-१०२ काकू: तंबोऱ्याचं कुणी बोललंच नाही.

बी-३०१ चिरंजीव (पुणे): काकू, त्याला स्क्रीन कसलाही चालतो, फक्त स्पीकर बरे पाहिजेत. तुम्ही पण जा रविवारी, काळी दोनचा सूर लावून ऐका.

आबा द्राक्षवाले: आणि व्हॉट्सॲप टाका त्यात. शिम नसलं तरी चालतंय म्हणं.

बी-३०१ चिरंजीव (पुणे): चालतं आबा, पण कुणाच्या तरी फोनला जोडावं लागतं. ज्याचा फोन जोडाल त्याचे सगळे मेसेज कट्ट्यावर सगळ्यांना दिसतील.

सेक्रेटरी: कुणाचा जोडायचा?

आबा द्राक्षवाले: सेक्रेटरींचाच जोडा.

सी-१०२ काकू: अनुमोदन.

खजिनदार काका: अनुमोदन.

सेक्रेटरी: व्हॉट्सॲप टाकायचं नाही. बी विंगचा टँकर आलाय, पार्किंगमधली लाल गाडी लगेच काढा.