‘हिज’ की ‘हर’: नाते कोणाचे, हे आधी पाहावे

‘पुरुषासाठी हिज आणि स्त्रीसाठी हर’ हा इंग्रजीत नाती लिहिताना नेहमी सांगितला जाणारा नियम खरा असला, तरी त्यात नाते ज्याचे आहे ती व्यक्ती पाहायची की ज्याच्याशी आहे ती, हे स्पष्ट होत नाही, आणि मराठी भाषकाची चूक नेमकी तिथेच होते. ‘त्याची बहीण’ यातला ‘त्या’ भावाकडे बोट दाखवतो, तर ‘ची’ बहिणीच्या लिंगाप्रमाणे येतो. इंग्रजीत हा दुसरा भाग मुळीच नाही. म्हणून ‘त्याची बहीण’ म्हणजे ‘हिज सिस्टर’ आणि ‘तिचा भाऊ’ म्हणजे ‘हर ब्रदर’.

मला याहून महत्त्वाची वाटते ती आदरार्थी बहुवचनाची अडचण. ‘आजोबा आणि त्यांचे भाऊ’ लिहिताना ‘त्यांचे’चे सवयीने ‘देअर’ होते आणि वाचणाऱ्याला ते भाऊ अनेकांचे वाटतात. तिथे ‘हिज’च हवे, त्यात अनादर नाही.

‘आपला’ या शब्दाचीही अशीच गोष्ट. ‘सुरेशने महेशला आपल्या मुलाबद्दल सांगितले’ म्हटले की मुलगा सुरेशचा हे आपल्याला कळते, पण नुसत्या ‘हिज सन’मध्ये तो महेशचाही असू शकतो; अशा वेळी ‘हिज ओन सन’ लिहावे किंवा सरळ नाव पुन्हा घ्यावे.

नाते दाखवणाऱ्या अपॉस्ट्रॉफीबद्दल (’ या चिन्हाबद्दल) एवढेच, की मुले एका बहिणीची असतील तर ते चिन्ह ‘एस’च्या आधी येते (sister’s children), अनेक बहिणींची असतील तर नंतर (sisters’ children), उच्चार मात्र दोन्हीकडे एकच.