मदत हवी आहे: मूडलवरची ऑफलाइन चाचणी

नाशिकच्या एका महाविद्यालयात सहकारी प्राध्यापकांना मूडल (अभ्यास साहित्य आणि चाचण्या ऑनलाइन ठेवायची प्रणाली) शिकवायचं काम माझ्याकडे आहे. कार्यशाळेनंतर पीडीएफ चढवण्यापलीकडे कोणी गेलं नाही. मग एकेकाशेजारी बसून त्यांच्याच विषयाची चाचणी बनवली, तेव्हा जमलं. मराठीच्या मॅडमनी तर वृत्तं ओळखायची चाचणी स्वतः रचली, फार आनंद झाला!

अडचण पुढची आहे. सुरगाणा, पेठकडच्या मुलांना घरी रेंज नसते. मोबाइल ॲपवर ऑफलाइन सोडवायची मुभा सेटिंगमध्ये दिली, पण वेळमर्यादा लावली की ती चालत नाही. प्रश्नांचा क्रम बदलून पाहिला, तरी उत्तरं व्हॉट्सॲपवर फिरतात. फोन सगळे अँड्रॉइड. सशुल्क साधन परवडणार नाही. वेळमर्यादेशिवाय नक्कल कमी होईल अशी चाचणी तुम्ही कशी रचता?