रॉक गार्डन: आधी दगड की आधी झाडं?

नमस्कार मंडळी,
मागच्या अंगणात पश्चिमेला उतार आहे. तिथलं लॉन दर जुलैत करपतं आणि पाण्याचं बिल वाढत जातं, म्हणून रॉक गार्डन करायचं ठरवलंय. कंत्राटदार म्हणतो, तण रोखायचं कापड अंथरा, वर गोटे पसरा, भोकं पाडून झाडं लावा. हे बरोबर आहे का? आणि कासच्या पठारावरची फुलं इथे अमेरिकेत, डेन्व्हरला येतील का? माहेर साताऱ्याचं, म्हणून विचारते.
– अरोराहून

ताई, नमस्कार.
कापड अजिबात नको. या बागेचं खरं सुख म्हणजे झाडांचं बी आपसूक फटीत रुजतं, कापडाखाली त्याची वाटच बंद होते.

आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी चिकणमाती आहे. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. उंच डोंगरावरची झाडं उणे 20 फॅरनहाइटही सोसतात, पण हिवाळ्यात बुंध्याशी ओल राहिली की कुजतात. त्यामुळे सगळी मेहनत निचऱ्यासाठी. माती खणून मोकळी करा, वर फूटभर उंचवटा घाला: निम्मी बारीक खडी, बाकी जाड वाळू आणि थोडी माती. खडीच्या यार्डात ‘स्क्वीजी’ नावाची बारीक खडी मागा, पाव इंची मिळते. खत नको. खतावर ही झाडं नुसती फोफावतात, थंडीत टिकत नाहीत.

दगड आधी, आणि एकाच जातीचा. कोलोरॅडोतल्या लायन्स गावचा तांबूस वालुकाश्म इथलाच, तो शोभतो. प्रत्येक दगड तिसरा हिस्सा तरी गाडा, नाहीतर ट्रकमधून सांडल्यासारखा दिसतो. थरांच्या रेषा एकाच दिशेला ठेवा आणि दगड मागे उताराकडे किंचित कलता बसवा, म्हणजे पाणी मुळांकडे जातं.

रोप कुंडीतून काढल्यावर मुळांभोवतीची काळी माती बोटांनी झाडून टाका, हवं तर बादलीत धुवा. ती राहिली तर पाणी धरून ठेवते आणि मुळं त्या गोळ्याबाहेर पडत नाहीत. शेवटी बुंध्याभोवती दोन बोटं खडी. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर बरा. पहिला उन्हाळा पाणी द्यावंच लागेल.

जाड पानांची डेलोस्पर्मा, सेडम, सेम्परव्हायवम आणि फुलझाड पेन्स्टेमन हमखास जगतात. पल्साटिला मात्र लावाच: पाडव्याच्या आसपास जांभळी फुलते, पाकळ्यांवर रुपेरी लव असते.

कासची फुलं इथे जगणार नाहीत. तिथे जांभ्यावर मातीचा पातळ थर, चार महिने पाणी साचलेलं, आणि बर्फ कधीच नाही. इथे वर्षाला जेमतेम 15 इंच पाऊस-बर्फ. शिवाय 2012 पासून कास जागतिक वारसा स्थळांत आहे, तिथून बी काय, पाकळीही उचलू नये.
– लिटलटनहून

काकांच्या पत्राला जोड: उंचवटा घराच्या भिंतीला टेकवू नका. पायाजवळची माती भिजून फुगली तर भिंतीला तडे जातात. निदान पाच फूट सोडा, पाणी घरापासून लांब उतरू द्या. खणण्याआधी 811 ला फोन करा, गॅस आणि विजेच्या लाइनींवर फुकट खुणा करून देतात.
– सेंटेनियलहून

काका, दोघांचेही आभार. कापड रद्द. आता एकच शंका: पश्चिमेचं ऊन फार, तर सेम्परव्हायवम कुठे लावू?
– अरोराहून

दगडाच्या पूर्वेला, ताई, म्हणजे दुपारनंतर सावली मिळते. तळपत्या बाजूला डेलोस्पर्मा. दगड घ्यायच्या आधी यॉर्क स्ट्रीटच्या डेन्व्हर बोटॅनिक गार्डन्समधली रॉक अल्पाइन गार्डन एकदा बघा. झाडांपेक्षा दगड कसे बसवलेत तेच बघा.
– लिटलटनहून