रोलिंग अपग्रेडला जुगार म्हणणाऱ्यांना उत्तर (कॅसांड्रा ३.११ ते ५.०)

पर्वरी_रात्रपाळी

वेर्णेकरबाबांनी काल एकाला कॅसांड्रा डेटाबेस ३.११ वरून ५.० वर नेण्याबद्दल सल्ला दिला. त्याचा क्लस्टर असा: सहा नोड (सर्व्हर), आरएफ ३ (प्रत्येक ओळीच्या तीन प्रती), प्रत्येक नोडवर ६०० जीबी, डिस्क एक टीबीची, आवृत्ती ३.११. रोलिंग, म्हणजे सेवा चालू ठेवून एकेक नोड पुढे नेणं, त्यांना नको. सल्ला असा: "रोलिंग अपग्रेड हा जुगार आहे. सरळ ५.० चा नवा क्लस्टर उभारा, कॉपी कमांडने सीएसव्ही काढा, तिकडे भरा. चतुर्थीच्या दोन सुट्ट्यांत काम होतं." हे वाचून गप्प बसवत नाही. कोणी खरंच तसं केलं तर डेटा जाईल, आणि गेल्याचं महिनाभर कळणारही नाही.

कॉपी टू सीएसव्हीत फक्त मूल्यं उतरतात. प्रत्येक सेलचा रायटटाइम (लिहिल्याची वेळ) आणि उरलेला टीटीएल (आपोआप पुसलं जाण्याची मुदत) मागेच राहतो. कॉपी फ्रॉमने भरताना सगळ्या ओळींवर आजचा टाइमस्टॅम्प बसतो. ३० दिवसांचा टीटीएल असलेलं, उद्या मरणार असलेलं सेशन नव्या क्लस्टरवर कायमचं जिवंत होतं. टेबलला डिफॉल्ट टीटीएल असेल तर त्याचे ३० दिवस पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. रिकाम्या रकान्यांचे टूम्बस्टोन (पुसल्याच्या खुणा) होतात ते वेगळंच. आणि भरणं चालू असताना ॲपने तिथे नवं काही लिहिलं असेल, तर त्यानंतर भरलेली जुनी ओळ उशिराच्या टाइमस्टॅम्पमुळे जिंकते.

रोलिंगला ठरलेली वाट आहे. ३.११ वरून थेट ५.० ची उडी चालत नाही, मध्ये ४.० किंवा ४.१ लागतं. मी ४.१ घेईन. आधी पूर्ण रिपेअर (प्रती ताडून सारख्या करणं). नोडटूल या कमांडच्या स्टेटसमध्ये सहाही नोड यूएन (चालू आणि ठीक) दिसायला हवेत, डिस्क्राइबक्लस्टरमध्ये स्कीमाची (टेबलांच्या रचनेची) एकच आवृत्ती हवी. ड्रायव्हरचा (ॲप ज्यातून डेटाबेसशी बोलतं त्याचा) प्रोटोकॉल व्ही४ वर बांधून ठेवा, नाहीतर मिश्र क्लस्टरमध्ये (काही नोड जुने, काही नवे) तो एका नोडशी एक बोली बोलतो आणि दुसऱ्याशी दुसरी. मग एका वेळी एकच नोड: स्नॅपशॉट (डेटा फाइली त्या क्षणी होत्या तशा जपणं), नोडटूल ड्रेन, सर्व्हिस बंद, नवं पॅकेज, सुरू, लॉग वाचा, यूएन दिसला की पुढचा. ड्रेन गाळू नका. मेमटेबल (मेमरीतलं लेखन) डिस्कवर उतरतं आणि जुन्या आवृत्तीचा कमिटलॉग (लेखनाची नोंदवही) नव्याला वाचत बसावा लागत नाही.

मिश्र अवस्थेत रिपेअर नाही, नवा नोड जोडणं नाही, काढणं नाही, ऑल्टर टेबल नाही. बहुतेक अपघात इथेच होतात, आणि मग दोष रोलिंगच्या माथी मारला जातो.

वेर्णेकर

कॉपीबद्दल तुमचं बरोबर आहे. ते वाक्य मी मागे घेतो. पण मुद्दा कॉपीचा नव्हताच, मागे फिरता येण्याचा होता. त्यावर तुम्ही अवाक्षर काढलं नाही.

४.१ वर गेलेला नोड डेटाच्या ज्या एसएसटेबल फाइली लिहितो, त्या ३.११ ला वाचता येत नाहीत. एक नोड बिघडला तर स्नॅपशॉटवर परत न्या. त्याने मधल्या काळात लिहिलेलं जाईल, पण इतर दोन प्रतींकडून रिपेअरने ते मिळेल. चार नोड पुढे गेल्यावर काय कराल? काही पार्टिशनच्या (एकत्र ठेवलेल्या ओळींच्या गटाच्या) तिन्ही प्रती नव्या फॉरमॅटमध्ये असतील. परतीची दारं बंद.

आता फेऱ्या मोजा. ४.१ ची एक. जावा ८ वरून ११ वर न्यायची दुसरी, कारण ५.० ला ११ किंवा १७ लागतं. ५.० ची तिसरी. मग स्टोरेज_कम्पॅटिबिलिटी_मोड (जुन्या फॉरमॅटशी जुळवून राहण्याची सेटिंग) 'कॅसांड्रा_४' वरून 'अपग्रेडिंग' करायची चौथी, 'नन' करायची पाचवी. पाच फेऱ्या गुणिले सहा नोड म्हणजे तीस रीस्टार्ट. त्यापेक्षा नव्या क्लस्टरवर दुहेरी लेखन (ॲप जुन्या-नव्या दोन्हीकडे लिहितं) सुरू करा, एसएसटेबललोडरने जुना डेटा ओढा (टाइमस्टॅम्प आणि टीटीएल दोन्ही तसेच येतात), वाचन ताडून पाहा, मग ॲपचा पत्ता बदला. बिघडलं तर पत्ता परत. दुहेरी लेखन चालू आहे तोवर जुना क्लस्टर तसाच ताजा.

फोंडा_डीबी

दोघांनीही डिस्कचा हिशेब केलेला नाही. याच कामात घोडं तिथे पेंड खातं.

वेर्णेकरबाब, सहाही नोडचे स्नॅपशॉट लोडरला दिलेत, तर प्रत्येक ओळ तीन स्नॅपशॉटमध्ये आहे आणि लोडर ती प्रत्येक वेळी तिन्ही प्रतींकडे पाठवतो. म्हणजे नव्या नोडवर एकाच ओळीच्या तीन नकला येऊन पडतात. ६०० जीबीच्या जागी १.८ टीबी. कॉम्पॅक्शनने (फाइली एकत्र करून जादा नकला काढल्या की) ते खाली येतं, पण तोवर एक टीबीची डिस्क कधीच भरलेली असते.

दुसरं, डिलीट. दुहेरी लेखनात नव्या क्लस्टरवर डिलीट गेलं, टूम्बस्टोन बसला. जीसी_ग्रेस_सेकंद्स (टूम्बस्टोन किमान किती काळ ठेवायचा) डिफॉल्ट ८६४००० आहे, म्हणजे १० दिवस. लोडिंग अकराव्या दिवसापर्यंत रेंगाळलं आणि मध्ये कॉम्पॅक्शनने टूम्बस्टोन काढून टाकला, तर लोडरने आणलेली जुनी ओळ उठून उभी राहते. म्हणून लोड पूर्ण होईपर्यंत नव्या क्लस्टरवर हा आकडा वाढवून ठेवा. तिसरं, काउंटर टेबल (यात आकडे फक्त वाढवत-घटवत न्यायचे). एका बाजूचं लेखन टाइमआउट झालं आणि ॲपने पुन्हा पाठवलं की दोन्हीकडचे आकडे कायमचे वेगळे.

पर्वरीकर, आता तुमची वाट. स्नॅपशॉट म्हणजे हार्डलिंक, त्याच फाइलचा दुसरा दुवा. घेतला त्या क्षणी जागा शून्य. ४.१ वर गेल्यावर नोडटूल अपग्रेडएसएसटेबल्स चालवलंत की प्रत्येक फाइल नव्याने लिहिली जाते आणि जुनी फाइल पुसली जाते. पण स्नॅपशॉटने तिचा दुवा धरून ठेवलेला असतो, त्यामुळे जागा काही सुटत नाही. ६०० नवे अधिक ६०० जुने, १.२ टीबी, एक टीबीच्या डिस्कवर. साधारण दोन तृतीयांश काम झालं की डिस्क भरते आणि नोड लेखन नाकारू लागतो. आधी स्नॅपशॉट दुसऱ्या मशीनवर हलवा, टॅग देऊन क्लिअरस्नॅपशॉट करा, मग अपग्रेडएसएसटेबल्स. स्नॅपशॉट नसेल तर तात्पुरती जागा जेमतेम सगळ्यात मोठ्या एसएसटेबलएवढी लागते. एकाच वेळी चालणारे जॉब दोन ठेवलेत तर तशा दोन. साइझ टियर्ड कॉम्पॅक्शन (सारख्या आकाराच्या फाइली जोडत जाणारं) असेल तर एकटी फाइल २५० जीबीची असू शकते, ती आधी बघा.

वेळ: कॉम्पॅक्शनचा वेग ३.११ च्या यामलमधून (सेटिंगच्या फाइलमधून) जसाच्या तसा, सेकंदाला १६ एमबी, पुढे आणलात तर ६०० जीबीला साडेदहा तास. ६४ केलात तर पावणेतीन तासांच्या आत. नोड सहा आहेत, गुणाकार तुम्हीच करा.

काणकोणची_भाची

तांत्रिक बाजू वाचली, पटली. पण "चतुर्थीच्या दोन सुट्ट्यांत काम होतं" हे वाक्य कोणालाच खटकलं नाही? दरवर्षी हेच. वर्षभरात घरचे सगळे मूळ घरात एकत्र येतात ते चतुर्थीला. माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची आरास) बांधायची असते, घुमट वाजवायला काढायचे असतात, आणि त्याच संध्याकाळी कोणीतरी लॅपटॉप मांडीवर घेऊन ओट्यावर रेंज शोधत बसायचं. मालकाला सुट्टी, गिऱ्हाइकाला सुट्टी, डीबीएला (डेटाबेस सांभाळणाऱ्याला) मात्र "ट्रॅफिक कमी आहे". रोलिंग अपग्रेडचा अर्थच मुळी सेवा बंद न करता अपग्रेड. मग त्याला सण कशाला लागतो?

वेर्णेकर

ताई, सणाची आवड म्हणून कोणी तो दिवस निवडत नाही. हॉटेल बुकिंगवाल्यांचा भार ऑक्टोबरपासून चढतो, डिसेंबरच्या मध्यापासून नवीन वर्षापर्यंत कशालाच हात लावू देत नाहीत. उरतो पावसाळा. त्यात भार कमी आणि घाई नाही असा दिवस सुट्टीचाच.

डिचोली_ऑनकॉल

नेमकी हीच समजूत चुकीची आहे. कमी भाराचा दिवस अपग्रेडला वाईट. एक नोड खाली असताना लोकल कोरमला (तीनपैकी दोन प्रतींचं उत्तर मागणाऱ्या वाचन-लेखनाला) उरलेल्या दोन्ही प्रतींनी उत्तर द्यावंच लागतं. हे ताणात टिकतं का, ते भार असल्याशिवाय दिसत नाही. चतुर्थीला सगळं हिरवं दिसतं, सुट्टी संपून सोमवार उजाडला की वाचनं टाइमआउट होऊ लागतात, आणि तोवर सहाही नोड पुढे गेलेले. मंगळवारी सकाळी १० वाजता एक नोड करा, २४ तास त्याचे आकडे बघा, मग दुसरा.

आणि पावसाळ्याचं म्हणाल तर ज्यांचा रॅक इथेच ऑफिसात आहे त्यांनी विजेचा विचार करा. हिंट (खाली असलेल्या नोडसाठी इतरांनी जपलेलं लेखन) साठवायची मुदत डिफॉल्ट ३ तास. वादळात फीडर गेला, जनरेटर सुरू झाला नाही आणि नोड चार तास खाली राहिला, तर शेवटच्या तासाचं लेखन हिंटमध्ये नाही. ते रिपेअरने भरायचं. पण मिश्र अवस्थेत रिपेअर चालवायचं नाही! म्हणजे ती फेरी पूर्ण होईपर्यंत तो नोड अर्धवट. जूनच्या पहिल्या पावसात रोलिंग सुरू करणाऱ्याला माझा ठाम विरोध.

काणकोणची_भाची

मंगळवार सकाळी दहा. हे लिहून भिंतीवर लावा. सगळी टीम जागेवर, हार्डवेअरवाला फोन उचलतो, नेटवर्कवाला फोन उचलतो. सणाच्या दिवशी एकटी व्यक्ती चूक करते आणि ती पकडायला दुसरे डोळे नसतात.

वेर्णेकर

मंगळवार तर मंगळवार. गिऱ्हाइकाला पटवायचं काम तुमच्याकडे दिलं तर मीही चतुर्थीला घरी जाईन. पण मागे फिरण्याच्या प्रश्नाला पर्वरीकरांनी अजून हात लावलेला नाही.

पर्वरी_रात्रपाळी

लावतो. ३.११ ते ४.१ या टप्प्यात तुमचं खरं आहे. तिन्ही प्रती पुढे गेल्या की परत नाही. म्हणून पहिल्या नोडवर थांबायचं, तिथे घाई नको. डिचोलीकरांचे २४ तास मला मान्य, मी ४८ ठेवीन.

४.१ ते ५.० हा टप्पा मात्र तुम्ही उलटा वाचलात. ज्या कम्पॅटिबिलिटी मोडच्या फेऱ्या तुम्ही ओझं म्हणून मोजल्या, तीच परतीची वाट आहे. डिफॉल्ट 'कॅसांड्रा_४' असताना ५.० जुन्याच फॉरमॅटमध्ये फाइली लिहितं. एसएआय इंडेक्स, वेक्टर असलं नवं काही वापरलं नाहीत, तर सहाही नोड ५.० वर असताना ४.१ वर परत येता येतं. महिनाभर तिथे राहा, काही अडत नाही. 'अपग्रेडिंग' केलंत की वाट संपली. तीस रीस्टार्टपैकी शेवटचे बारा कधी करायचे ते तुमच्या हातात आहे.

फोंडेकर, स्नॅपशॉटचा हिशेब माझ्या लिहिण्यात नव्हता, आणि तो असायलाच हवा होता.

फोंडा_डीबी

अजून एक राहिलं. ४.० पासून नव्या यामलमध्ये नम_टोकन्स (एका नोडकडे डेटाचे किती भाग) १६ आहे, तुमच्या जुन्या नोडवर २५६. पॅकेज बदलताना नवी यामल जशीच्या तशी ठेवली की नोड उठतच नाही. टोकनांची संख्या २५६ वरून १६ करता येत नाही असं लॉगमध्ये स्वच्छ लिहिलेलं असतं. घाबरून डेटा डिरेक्टरी पुसू नका. यामलमध्ये २५६ परत लिहा, नोड उठतो. ४.१ मध्ये टाइमआउटची नावंही बदलली, शेवटचं इन_एमएस गेलं आणि आकड्यासोबत एकक आलं. जुनी नावं चालतात, पण एकाच फाइलमध्ये जुनं आणि नवं मिसळू नका.

वेर्णेकर

'कॅसांड्रा_४' मोडमध्ये परत येता येतं हे मी धरलं नव्हतं. ठीक. काउंटर टेबलं असतील आणि डिस्क एक टीबीच असेल तर रोलिंग करा, माझी हरकत नाही. डेटा सेंटरच बदलायचं असेल किंवा डेटा मॉडेल नव्याने मांडायचं असेल तर मी नवा क्लस्टरच सांगेन, जीसी_ग्रेस वाढवून आणि डिस्क तिप्पट धरून.

डिचोली_ऑनकॉल

डेटा सेंटर बदलायलाही नवा क्लस्टर लागत नाही. त्याच क्लस्टरला, त्याच आवृत्तीवर दुसरं डीसी जोडा, कीस्पेसची (टेबलांच्या गटाची) प्रतिकृती त्यात वाढवा, प्रत्येक नव्या नोडवर नोडटूल रिबिल्डला जुन्या डीसीचं नाव द्या. आवृत्तीला हात लावायचा तो हे पूर्ण झाल्यावर.